खडाखडी आणि ऐकणारे हात

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यातील गावांमधून कोयते, म्हणजे तोडणीला जाणारी जोडपी, कारखान्यांची वाट धरतात आणि आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलींच्या सुरक्षिततेची चिंता दरवर्षी नव्याने डोके वर काढते. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर शाळांतून स्वसंरक्षण शिकवण्याची मागणी वाढली. समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचे असे प्रशिक्षण आहेही. कराटे शिकवावे की वुशू, यावर बरीच चर्चा होते. कोणत्या क्रमाने आणि कशा रीतीने शिकवावे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मात्र मागे राहतो.

त्याचे उत्तर शोधताना चिनी युद्धकलांची परंपरा उपयोगी पडते, कारण तेथे शिक्षणाचा क्रम हाच विद्येचा गाभा मानलेला आहे. आरंभ ‘मापू’ या घोडेस्वारासारख्या बैठकीने आणि ‘चानच्वांग’ या खांबासारखे स्तब्ध उभे राहण्याच्या साधनेने होतो. प्रहाराचा जोर तळपायातून निघून कमरेवाटे हातात यावा आणि धक्का बसला तरी तोल ढळू नये, यासाठी ही पायाभरणी असते. त्यानंतर ‘थाओलू’, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, मग जोडीदारासह सराव आणि अखेरीस मुक्त लढत येते. शाळेच्या मैदानावर ओळीने उभ्या राहून हवेत ठोसे मारणाऱ्या मुलींना यातील दुसऱ्या पायरीचा केवळ एक तुकडा मिळतो.

या तुकड्यावर समाधान मानण्याचा धोका मिंग राजवटीचा सेनापती छी जिगुआंग (1528–1588) याने ओळखला होता. किनाऱ्यावर धुमाकूळ घालणाऱ्या चाच्यांशी लढण्यासाठी त्याने शहरी, चलाख उमेदवार टाळून यीवू भागातील शेतकरी आणि खाणकामगार निवडले, आणि 1560 च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या युद्धग्रंथात मुष्टियुद्धाचे 32 पवित्रे नोंदवताना हेही स्पष्ट केले की मोठ्या रणांगणावर रिकाम्या हातांचा उपयोग थोडा असला, तरी अंग चपळ करण्यासाठी आणि नवशिक्याला विद्येत आणण्यासाठी तो आवश्यक आहे. डोळ्यांना सुखावणाऱ्या फुलोऱ्याच्या हालचालींना त्याचा ठाम विरोध होता. प्रत्यक्ष झुंजीत जे करायचे तेच सरावात करावे, असा त्याचा आग्रह होता. साडेचारशे वर्षांनंतरही शालेय प्रशिक्षणाच्या आखणीत हा आग्रह दिसू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या 90 टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे हल्ल्याची सुरुवात पुष्कळदा दुरून येणाऱ्या ठोशाने होत नाही, तर मनगट धरण्याने, खांद्यावर हात टाकण्याने, वाट अडवण्याने होते. अशा वेळी चिनी परंपरेतील ‘थुइशोउ’, म्हणजे एकमेकांच्या हातांना हात लावून ढकलण्याचा सराव, मोलाचा ठरतो. स्पर्शावरून समोरच्याचा जोर कोणत्या दिशेला वळतो आहे हे ओळखण्याच्या शक्तीला तेथे ‘थिंगजिन’, म्हणजे ऐकणारी शक्ती, असे नाव आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. कुस्तीतील खडाखडी, म्हणजे डाव टाकण्यापूर्वी मल्लांनी मानेवर, मनगटावर हात टाकून परस्परांचा अंदाज घेणे, याच विद्येचे येथील रूप आहे. त्याआधीच्या जोर-बैठका ही तालमीची पायाभरणी आणि प्रत्येक डावाला शिकवली जाणारी तोड ही तिची कसोटी. (बोधिधर्माने भारतातून ही विद्या चीनला नेली, हा अभिमानाने सांगितला जाणारा दावा थांग हाओ या चिनी संशोधकाने 1930 मध्येच पुराव्याअभावी खोडून काढला आहे. हे साम्य माणसाच्या शरीराचे आहे, त्यासाठी कोणाचे ऋण दाखवावे लागत नाही.)

शिरूर कासारच्या शेजारच्या पाटोदा तालुक्यातील कुस्तीगीर राहुल आवारे पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार या वस्तादांच्या हाताखाली घडला आणि 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्णपदकाचा, तर 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदकाचा मानकरी झाला. असा मल्ल देणाऱ्या मुलखात मुलींना जोडीने सराव शिकवणारे हात दूर शोधावे लागू नयेत. मुलींना तालमीच्या मातीत उतरू न देण्याची जुनी रूढीही आता टिकणारी नाही, कारण 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली.

ओरडणे, निसटणे, पळणे आणि घडलेले विश्वासू माणसाला सांगणे यांचा सरावही याच शिक्षणात हवा, आणि तोही खरोखर धरून ठेवणाऱ्या जोडीदारासमोर व्हायला हवा. हंगामी वसतिगृहातील मुक्काम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन आईवडील परत येईपर्यंत, म्हणजे सुमारे पाच महिने चालतो. तेवढ्या अवधीत रोज संध्याकाळी अर्धा तास बैठका आणि अर्धा तास खडाखडी सहज बसते, आणि त्यासाठी एक मोकळी जागा, एक जाणती प्रशिक्षिका आणि समोर उभी राहणारी एक मैत्रीण एवढेच लागते.