रेघ हातावर, शिट्टी छातीत!

पेनाचं टोपण घ्या आणि हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, दाबून एक रेघ ओढा. खरचटू द्यायचं नाही हं! आता थोडं थांबा. आधी रेघ लाल होईल, मग आजूबाजूची त्वचा लालसर होईल. काहींच्या हातावर तर चक्क फुगीर रेघ उठेल. रंग सावळा असेल तर लाली कदाचित दिसणार नाही, पण फुगवटा बोटाला लागेल.

लाल रेघ, पसरणारी लाली आणि फुगवटा या तीन टप्प्यांचा ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी १९२०च्या दशकात बारकाईने अभ्यास केला. त्वचेतून हिस्टामिनसारखं काहीतरी बाहेर पडत असणार, असा त्यांचा कयास होता. तो बराचसा खरा निघाला. आपल्या त्वचेत, नाकात आणि श्वासनलिकांमध्ये 'मास्ट सेल' नावाच्या पेशी हिस्टामिनचा साठा घेऊन बसलेल्या असतात. तो साठा रिकामा झाला, की बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, खाज सुटते, गांधी उठतात. घरी आजी म्हणते ना, 'पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव', ते हेच. पोटातल्या पित्ताशी त्याचा काही संबंध नाही.

अ‍ॅलर्जी असेल, तर हा साठा उघडायला धूळ, परागकण किंवा कोळंबीही पुरते. नेमकं कारण शोधण्यासाठी डॉक्टर 'स्किन प्रिक टेस्ट' करतात. हातावर वेगवेगळे थेंब ठेवायचे, त्यातून सुई हलकेच टोचायची आणि १५-२० मिनिटांनी फुगवटा मोजायचा. साध्या सलाइनच्या थेंबापेक्षा तो किमान ३ मिलिमीटर मोठा असेल, तर टेस्ट पॉझिटिव्ह. एक थेंब खुद्द हिस्टामिनचा असतो. तिथेही काहीच उठलं नाही, तर टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही. बऱ्याचदा पेशंट आदल्या दिवशी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन आलेला असतो!

पण टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच, असं नाही. शरीर त्या गोष्टीला ओळखतं, एवढंच ती सांगते. त्रास खरोखर होतो का, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगायचं असतं.

आता छातीकडे वळू. श्वासनलिका किती हळव्या आहेत, हे तपासायला हॉस्पिटलमध्ये मेथाकोलिन, पूर्वी तर हिस्टामिनच, थोडं थोडं वाढवत हुंगायला देतात. एका सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा २० टक्क्यांनी घटली, की थांबायचं. दमा असलेल्यांच्या नळ्या अगदी कमी डोसला आवळतात, इतरांच्या सहसा मोठ्या डोसलाही बधत नाहीत. गंमत म्हणजे त्वचा आणि छाती यांचं जुळेलच असं नाही. कुणाच्या हातावर भल्यामोठ्या गांधी येतात आणि छाती एकदम शांत. कुणाची स्किन टेस्ट कोरी, तरी दमा असतो.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण होस्टेलवर शिंक आली, खाज सुटली किंवा दम लागला, तरी सगळ्यावर सेटिरिझिन हा एकच उपाय असतो. शिंका आणि खाज यांच्यावर ती चांगली चालते, कारण ती हिस्टामिनची वाट अडवते. दम्यात मात्र हिस्टामिन एकटं नसतं. ल्युकोट्राइन्ससारखी इतर रसायनं असतात आणि नळ्यांना आतून सूज असते. ती सूज या गोळीने उतरत नाही. त्यासाठी स्टेरॉइड असलेला इनहेलर लागतो. 'इनहेलरची सवय लागते' हा गैरसमज आहे. फक्त तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर दमा रेटू नका, असं तर दम्यावरची जागतिक मार्गदर्शक तत्त्वंही २०१९पासून बजावत आहेत.

त्यामुळे रात्री खोकल्याने जाग येत असेल, श्वास सोडताना शिट्टी वाजत असेल, जिने चढताना मित्रांपेक्षा आधी दम लागत असेल, तर मेडिकलवाल्याला विचारू नका. डॉक्टरांकडे जा, फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्या. आणि काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर गांधींसोबत ओठ सुजले, श्वास अडकला किंवा चक्कर आली, तर गोळीचा परिणाम बघत बसू नका. १०८ला फोन करा. तेव्हा अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, आणि तेही लगेच. रूममेटलाही हे आजच सांगून ठेवा.