बार निघाला म्हणजे सिद्ध झालं?

जुनं लष्करी रिव्हॉल्व्हर चालवण्याजोगं आहे का, हे ठरवायला एक बार काढून बघावा, असं अनेकांना वाटतं. त्या बारातून कळतं फारच थोडं. ब्रिटिश सैन्याने 1915 मध्ये स्वीकारलेलं वेब्ली मार्क सहा घ्या. त्याचं मूळ .455 काडतूस जड, संथ गोळीचं. दाब दर चौरस इंचाला साधारण 13 हजार पौंड. पुढे ही रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत स्वस्तात विकली गेली. तिथे .455 काडतुसं दुर्मिळ आणि पिस्तुलाची .45 एसीपी मुबलक, म्हणून कित्येकांच्या सिलिंडरची मागची बाजू तासून अर्धचंद्राकृती क्लिपांत ती बसवण्यात आली. त्यांचा कमाल दाब 21 हजार! काम सफाईदार, त्यामुळे शंकाही येत नाही.

म्हणून रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री करून आधी तपासणी करायची. सिलिंडरच्या मागच्या कडेवरचा क्रमांक अर्धवट कापला गेला असेल, तर तो तासलेला आहे. मग घोडा चढवून सिलिंडर हलवून पाहावा. कप्पा नळीसमोर नेमका आला नाही, तर गोळीची कड खरवडली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. वेब्ली बिजागरीवर मोडून उघडतं. नळी जागेवर धरून ठेवणारी वरची कडी ढिली असेल, तर बाकीचं ठाकठीक असूनही उपयोग नाही. नळीच्या आत काळसर कडं दिसलं, तर ती तिथे फुगलेली असण्याचा संभव असतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की तासलेली वेब्ली लोक वर्षानुवर्षं चालवतात, मग एवढी धास्ती कशाला? पण जास्त दाबाचा प्रत्येक बार पोलादाला थोडा थकवतो. शंभर बार निभावले म्हणजे पुढचा निभावेलच असं नाही. बर्मिंगहॅमच्या सरकारमान्य चाचणीगृहातही मुद्दाम जास्त दारू भरून बार काढतात, हे खरं. पण शिक्का बसतो तो त्यानंतरच्या तपासणीत हत्यार उतरलं तरच, आणि त्या जुन्या शिक्क्याने हमी दिली ती न तासलेल्या सिलिंडरची.

एवढं करून बार काढायचाच, तर परवानाधारक जाणकाराने, मूळ मापाच्या हलक्या काडतुसाने, हत्यार व्हाइसमध्ये आवळून, चाप लांबून दोरीने ओढून. नंतर रिकामी पुंगळी पाहावी. ती चिरली असेल, कप्प्यात अडकली असेल किंवा तिची टोपी सपाट झाली असेल, तर दुसरं काडतूस भरू नये.