बाळाची वाकडी मान व चपटे डोके : वेळीच ओळख, सोपा उपचार

बाळ दीड-दोन महिन्यांचे झाले की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे लक्ष त्याच्या डोक्याच्या आकाराकडे जाते. डोके एका बाजूने चपटे दिसल्यास मोहरीची उशी करावी, तेल लावून डोके दाबून गोल करावे, असे सल्ले कुरुंदा परिसरातील मातांनाही मिळतात. त्यामागील माया खरी असते. परंतु अनेकदा या चपटेपणाचे मूळ मानेत असते, आणि मानेकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. देणगीदार, विश्वस्त व पालक यांना या विकाराची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

मानेच्या दोन्ही बाजूंस, कानामागील हाडापासून छातीच्या व गळ्यालगतच्या हाडापर्यंत, एकेक तिरका स्नायू असतो. गर्भाशयात जागा अपुरी पडल्याने किंवा प्रसूतीच्या वेळी ताण आल्याने त्यांपैकी एक आखडतो, असे मानले जाते. उजवा स्नायू आखडला तर डोके उजव्या खांद्याकडे कलते व हनुवटी डावीकडे वळते. वैद्यकीय भाषेत यास टॉर्टिकॉलिस म्हणतात. काही बाळांच्या मानेत पहिल्या काही आठवड्यांत लहानशी गाठ हाताला लागते. ती बहुधा काही महिन्यांत आपोआप विरते. तथापि ती डॉक्टरांना दाखवावीच.

नवजात बालकाची कवटी मऊ असते. मान एकाच बाजूला वळत राहिली की डोक्याचा तोच भाग अंथरुणावर टेकतो व हळूहळू चपटा होतो. मान आखडलेली नसतानाही सतत एकाच कुशीकडे तोंड करून निजणाऱ्या बाळांत असे घडते. बाळाला उताणे निजवावे, हा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये दिला. त्यानंतर तेथे झोपेतील आकस्मिक बालमृत्यू निम्म्याने घटले, मात्र चपट्या डोक्याची बाळे अधिक दिसू लागली. म्हणून उताणे निजवणे सोडू नये. जागेपणी बाळाची स्थिती बदलत राहावी.

उपचारात वेळेला फार महत्त्व आहे. पहिल्या महिन्यातच व्यायाम सुरू झाल्यास सुमारे ९८ टक्के बाळांची मान दीड महिन्यात जवळजवळ पूर्ववत होते. एक महिना उलटल्यावर हाच काळ सहा महिन्यांपर्यंत लांबतो. सहा महिन्यांनंतर आरंभ केल्यास नऊ-दहा महिने लागतात, आणि काही बाळांना शस्त्रक्रियेची गरज पडते.

फिजिओथेरपिस्ट मातेला मान हळुवार ताणण्याचे व्यायाम शिकवितात. ते शिकल्यावाचून करू नयेत व बळजबरीने कधीही करू नयेत. याखेरीज घरी पुढील गोष्टी कराव्यात. बाळ ज्या बाजूला पाहत नाही, त्या बाजूने त्याच्याशी बोलावे, खुळखुळा वाजवावा. पाळण्यात डोक्याची बाजू आलटून पालटून ठेवावी. झोळीत मान मोकळेपणी वळत नाही, म्हणून बाळाला फार वेळ झोळीत ठेवू नये. जागेपणी, आपल्या नजरेसमोर, दिवसातून थोडा थोडा वेळ मिळून निदान अर्धा तास पालथे घालावे. डोके दाबू नये. झोपेत उशी देऊ नये.

आकार सुधारण्यासाठी काही देशांत बाळाला टोपासारखे साधन घालतात. परंतु नेदरलँड्समधील २०१४ च्या अभ्यासात, मध्यम व त्याहून अधिक चपटेपणा असलेल्या बाळांत, हे साधन वापरणाऱ्या व न वापरणाऱ्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा आढळली. अतितीव्र विकृतीत निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा.

प्रत्येक वाकडी मान मात्र साधी नसते. कवटीचे सांधे अकाली जुळणे, दृष्टिदोष, मणक्यांतील दोष यांचीही शक्यता तपासावी लागते. अशा बाळांत खुब्याचा सांधाही पाहावा लागतो. ताप, वारंवार उलट्या, सुस्ती किंवा अचानक वाकडी झालेली मान असल्यास विलंब करू नये.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. २०११ पासून आशाताई देशभर पहिल्या ४२ दिवसांत अशा गृहभेटी देतात. हाच काळ या उपचारासही सर्वांत अनुकूल आहे. बाळाची मान दोन्ही बाजूंना सारखी वळते का, एवढे त्या भेटीत पाहिले तरी पुष्कळ साधेल.

या उपचाराला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो प्रशिक्षित हात, मातेचा धीर आणि नियमित फेरतपासणी. मराठवाड्यात हळदीची काढणी वा ऊसतोड सुरू झाली की मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून दवाखाना गाठणे मातेस कठीण होते. आणि उपचार नेमका तेथेच तुटतो. आपल्या देणगीतून एका मातेचे प्रवासभाडे भागले, तर एका बालकाची मान सरळ होऊ शकते. पालकांना विनंती एवढीच की, डोके गोल होण्याची वाट पाहत न बसता प्रथम बाळाची मान तपासून घ्यावी.