इंग्रजी वाक्प्रचार : नुसते पाठांतर नको, प्रसंग ओळखा

संध्याकाळी अभ्यासिकेत इंग्रजीचा तास घेताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. मुलांना काळ येतात, शब्दही बऱ्यापैकी माहीत असतात. पण वाक्प्रचार आला की गाडी अडते. मागे एका विद्यार्थ्याने वस्तीतील ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या निधनानंतर ग्रुपवर इंग्रजीतून आदरांजली लिहिली. ते 'वारले' हे सांगायला त्याने 'किक द बकेट' हा वाक्प्रचार वापरला. पुस्तकात त्याचा अर्थ 'मरणे' एवढाच दिला होता. पण इंग्रजीत तो थट्टेच्या सुरात वापरतात. दुःखाच्या प्रसंगी 'पास्ड अवे' म्हणतात. घरची मंडळी दुखावली आणि मुलगा शरमेने चार दिवस अभ्यासिकेत आला नाही. दोष त्याचा नव्हता. ज्याच्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही, त्याच्या हाती आपण फक्त यादी दिली होती.

म्हणून आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांची बेरीज करून मिळत नाही. 'साहेबांनी हात वर केले' म्हणजे साहेबांनी जबाबदारी झटकली, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीचेही तसेच आहे. मुलाखतीला जाताना आपल्या पोटात गोळा येतो. इंग्रजी माणसाच्या पोटात तेव्हा फुलपाखरे असतात : 'आय हॅड बटरफ्लाइज इन माय स्टमक.' पोटातील गोळ्याचे शब्दशः भाषांतर केले, तर समोरच्याला आपले पोट दुखते आहे असे वाटेल.

वापरताना तीन नियम लक्षात ठेवा. एक, वाक्प्रचारातील ठरलेले शब्द बदलायचे नाहीत. क्रियापद मात्र काळाप्रमाणे बदलते. दोन, पुढे येणारे शब्दयोगी अव्यय वाक्प्रचारासोबतच पाठ करायचे. तीन, तो गंभीर प्रसंगी चालतो की फक्त गप्पांत, हे तपासायचे.

आता आपल्या रोजच्या जगण्यात आणि कामात उपयोगी पडणारे सहा वाक्प्रचार पाहू. इथे उच्चार देवनागरीत दिले आहेत. स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत स्वतः लिहा.

१) टर्न अ ब्लाइंड आय टू : डोळेझाक करणे. 'द ऑफिसर्स टर्न्ड अ ब्लाइंड आय टू अवर कम्प्लेंट.' म्हणजे अधिकाऱ्यांनी आमच्या तक्रारीकडे डोळेझाक केली. 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत नेल्सन या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने माघारीचा इशारा दिसू नये म्हणून दुर्बीण आपल्या अंध डोळ्याला लावली, अशी कथा याबाबत सांगतात. इथे 'आय' एकवचनीच राहतो आणि पुढे 'टू' येतो.

२) पास द बक : टोलवाटोलवी करणे. 'एव्हरी डिपार्टमेंट इज पासिंग द बक.' प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवत आहे.

३) पे लिप सर्व्हिस टू : तोंडदेखला पाठिंबा देणे. 'दे पे लिप सर्व्हिस टू इक्वॅलिटी.' समता त्यांच्या फक्त ओठांवर आहे, कृतीत नाही.

४) सिट ऑन द फेन्स : तळ्यात-मळ्यात करणे. 'यू कॅनॉट सिट ऑन द फेन्स एनी लाँगर.' आता तुम्हाला एक बाजू घ्यावीच लागेल.

५) मेक एंड्स मीट : हातातोंडाची गाठ घालणे. 'माय मदर वर्क्ड इन टू हाउसेस टू मेक एंड्स मीट.' घर चालवण्यासाठी आईने दोन घरी काम केले. यात 'एंड्स' हे अनेकवचन आहे आणि त्याच्या आधी 'द' लावायचा नाही.

६) बर्न द मिडनाइट ऑइल : रात्रीचा दिवस करणे. 'शी बर्न्ट द मिडनाइट ऑइल बिफोर द एक्झाम.' इथे रात्र जागणे अभ्यासासाठी किंवा कामासाठी असते. लग्नाच्या वरातीत जागलेल्या रात्रीला हा वाक्प्रचार लागू पडत नाही.

स्पर्धा परीक्षेत याचे थेट गुण आहेत. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवी स्तरावरील परीक्षेत पहिल्या टप्प्यातील 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे असतात. प्रत्येक प्रश्नाला 2 गुण आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. वाक्प्रचाराच्या प्रश्नात बहुधा एक पर्याय शब्दशः अर्थाचा ठेवलेला असतो, आणि घाईत असलेला उमेदवार नेमका तिथे फसतो.

कार्यकर्त्यांसाठी मात्र एक वेगळी सूचना. तक्रार अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज किंवा पोलिसांना दिलेले निवेदन यांत वाक्प्रचार टाळा. 'अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली' हे आपले मत झाले. 'अमुक तारखेला अर्ज दिला, पोच मिळाली, 40 दिवस झाले तरी उत्तर नाही' ही नोंद झाली. मत खोडता येते, तारीख आणि पोच खोडणे अवघड जाते. वाक्प्रचार भाषणात, लेखात, मुलाखतीत शोभतो. तिथेही एखादाच पुरे. जेवणात मीठ असावे, मिठाचे जेवण नसावे.

सरावाची पद्धत सोपी आहे. आठवड्याला पाचच वाक्प्रचार घ्या. प्रत्येकाचे एक वाक्य आपल्या घरातील किंवा वस्तीतील प्रसंगावर स्वतः तयार करा. इंग्रजी वर्तमानपत्रात तो वाक्प्रचार दिसला की बातमीचे ते वाक्य कापून वहीत चिकटवा. रविवारी अभ्यासिकेत एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि चूक झाली तर कोणी हसायचे नाही, हा नियम आधी करा.

बाबासाहेबांचे बहुतेक महत्त्वाचे ग्रंथ मूळ इंग्रजीत आहेत. ते अनुवादाच्या काठीशिवाय वाचता यावेत, एवढी इंग्रजी आपल्या प्रत्येक तरुणाला यायला हवी. आदरांजली लिहिणारा तो मुलगा पुन्हा येऊ लागला आहे. आता तो धाकट्या मुलांना वाक्प्रचार शिकवतो, आणि अर्थ सांगण्याआधी विचारतो, "हे कोणासमोर बोलायचं आणि कोणासमोर नाही?"