छायाचित्र-पत्रकारितेचे विद्यापीठीय शिक्षण : मिसुरी परंपरा आणि तिचे शैक्षणिक नेतृत्व

सारांश

छायाचित्र-पत्रकारिता हा विषय वृत्तपत्रांच्या डार्करूममधून विद्यापीठाच्या वर्गात कसा आला आणि त्याला अभ्यासविषयाचे रूप देणाऱ्या शिक्षकांनी नेमके काय शिकवले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. रॉय स्ट्रायकर यांची पूर्वतयारीची शिस्त, क्लिफ्टन ईडम यांची क्षेत्रीय कार्यशाळा, अँगस मॅकडूगल यांचे चित्रसंपादन आणि पॉल मार्टिन लेस्टर व ज्युलिअ‍ॅन न्यूटन यांचे नीतिविषयक लेखन या चार टप्प्यांतून हा विषय घडला. यंत्राचे ज्ञान हा या शिक्षणाचा आरंभ असून वाचकाचा विश्वास हा त्याचा गाभा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

पत्रकारितेच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना मिसुरी विद्यापीठाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. वॉल्टर विल्यम्स यांनी १९०८ मध्ये तेथे सुरू केलेले पत्रकारिता विद्यालय हे जगातील अशा प्रकारचे पहिले विद्यालय मानले जाते. मात्र विद्यापीठाने बातमीदाराला विद्यार्थी म्हणून स्वीकारले, तरी छायाचित्रकाराला ते स्थान मिळण्यास आणखी तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. वृत्तपत्राच्या कार्यालयात छायाचित्रकार हा कारागीर समजला जाई. बातमी कोणती, तिचा अर्थ काय, हे संपादक ठरवीत. छायाचित्रकाराने सांगितलेल्या ठिकाणी जावे, चित्र घ्यावे, फिल्म धुवावी आणि प्रत टेबलावर ठेवावी, एवढीच अपेक्षा असे. नवशिका हे सारे जुन्या छायाचित्रकाराच्या हाताखाली राहून शिके.

१९३६ मध्ये 'लाइफ' हे सचित्र साप्ताहिक निघाले आणि ही स्थिती बदलू लागली. एका विषयावरील अनेक छायाचित्रांतून सलग कथन करता येते, हे सामान्य वाचकाला जाणवले. छायाचित्र कथन करू लागले, तेव्हा ते कथन खरे आहे किंवा नाही, त्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्नही उपस्थित झाले. या प्रश्नांची उत्तरे डार्करूममध्ये मिळणारी नव्हती. छायाचित्र-पत्रकारितेच्या शिक्षणाची खरी गरज येथून निर्माण झाली.

१. रॉय स्ट्रायकर : छायाचित्रापूर्वीचा अभ्यास

या शिक्षणाचा एक महत्त्वाचा पाया विद्यापीठाबाहेर, एका शासकीय कार्यालयात घातला गेला. रॉय स्ट्रायकर हे न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्यापक होते. ते व्यवसायाने छायाचित्रकार नव्हते. १९३५ मध्ये त्यांचे गुरू व सहकारी रेक्सफर्ड टगवेल यांनी त्यांना वॉशिंग्टनला बोलावले. महामंदीच्या काळात ग्रामीण अमेरिकेच्या स्थितीची नोंद करणाऱ्या छायाचित्र विभागाची सूत्रे स्ट्रायकर यांच्याकडे आली. हा विभाग १९३७ पासून फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजेच एफएसए, या नावाच्या यंत्रणेचा भाग झाला. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली, कार्ल मायडन्स असे छायाचित्रकार या विभागात होते.

स्ट्रायकर यांची पद्धत शिक्षकाची होती. मायडन्स कापूस पिकवणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत निघाले असता कापसाविषयी काय माहीत आहे, असे स्ट्रायकर यांनी त्यांना विचारले. उत्तर समाधानकारक नसल्याने त्यांनी प्रवास लांबणीवर टाकला आणि कापसाचे पीक, त्याचे अर्थकारण, त्याचा इतिहास व राजकारण मायडन्स यांना तपशीलवार समजावून सांगितले. विषय न समजता घेतलेले छायाचित्र केवळ दृश्य राहते, ही या प्रसंगामागील भूमिका होती. कोणत्या गोष्टी पाहाव्यात, कोणाशी बोलावे, याची टिपणेही स्ट्रायकर छायाचित्रकारांना पाठवीत.

या पद्धतीच्या मर्यादाही याच काळात दिसून आल्या. नापसंत निगेटिव्हना भोक पाडून त्या कायमच्या बाद करण्याची स्ट्रायकर यांची रीत छायाचित्रकारांना रुचली नाही. १९३६ मध्ये रॉथस्टाइन यांनी दक्षिण डाकोटा राज्यात दुष्काळाचे चित्रण करताना गुराची एक कवटी काही फूट हलवून वेगवेगळ्या जागी तिची छायाचित्रे घेतली. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे होते. रूझवेल्ट प्रशासनाच्या विरोधी वृत्तपत्रांनी ही छायाचित्रे बनावट असल्याचा गहजब केला. दुष्काळ खरा होता आणि कवटीही खरी होती. तरीही ती हलवली गेली एवढ्या कारणाने संपूर्ण प्रकल्पाच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह लागले. पुढील पिढ्यांच्या अध्यापकांना हे उदाहरण वर्गात वारंवार उपयोगी पडले, यात आश्चर्य नाही.

२. क्लिफ्टन ईडम : गाव हीच प्रयोगशाळा

क्लिफ्टन ईडम (१९०७-१९९१) हे १९४३ मध्ये मिसुरीच्या पत्रकारिता विद्यालयात अध्यापक झाले. त्या वेळी फ्रँक ल्यूथर मॉट हे तेथे अधिष्ठाता होते. अमेरिकी नियतकालिकांच्या इतिहासाबद्दल १९३९ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेले मॉट हे मुद्रित शब्दाचे अभ्यासक होते. 'फोटोजर्नालिझम' या शब्दाच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. या नावाला शैक्षणिक महत्त्व आहे. 'वृत्तपत्रीय छायाचित्रण' म्हटले की भर छायाचित्रणावर पडतो. 'छायाचित्र-पत्रकारिता' म्हटले की पत्रकारितेची सर्व बंधने छायाचित्रकारालाही लागू होतात. ईडम यांनी या नावाला अभ्यासक्रमाचा आशय दिला.

त्यांचे कार्य तीन दिशांनी झाले. पहिली दिशा मूल्यमापनाची होती. १९४४ मध्ये त्यांनी 'पिक्चर्स ऑफ द इयर' ही वृत्तपत्रीय छायाचित्रांची स्पर्धा सुरू केली. तिच्यामुळे कोणते छायाचित्र चांगले आणि का, याविषयी व्यवसाय व विद्यापीठ यांच्यात संवाद सुरू झाला. दुसरी दिशा विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची होती. पत्नी व्हाय ईडम यांच्या सहकार्याने १९४५ मध्ये महाविद्यालयीन छायाचित्रकारांसाठी स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. तिसरी आणि सर्वांत दूरगामी दिशा म्हणजे मिसुरी फोटो वर्कशॉप ही होय.

ही कार्यशाळा १९४९ मध्ये मिसुरी राज्यातील कोलंबिया या विद्यापीठाच्या गावी प्रथम भरली. (न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी या गावाचा संबंध नाही.) एफएसएच्या कामाची प्रेरणा तिच्यामागे होती आणि स्ट्रायकर व रसेल ली यांचा तिच्या उभारणीत प्रत्यक्ष सहभाग होता. पुढे दरवर्षी राज्यातील एखादे लहान गाव निवडून तेथे आठवडाभर ती भरवण्याचा प्रघात पडला. संशोधन, निरीक्षण आणि क्षण साधणे ही तिची त्रिसूत्री होय.

कार्यशाळेची रीत समजून घेणे आवश्यक आहे. सहभागी छायाचित्रकार अनोळखी गावात येतो. आरंभी त्याने गावात फिरावे, लोकांशी बोलावे आणि एक विषय शोधावा, अशी अपेक्षा असते. तो विषय मार्गदर्शकांपुढे मांडून त्याचे समर्थन करावे लागते. संमती मिळाल्याशिवाय चित्रण सुरू होत नाही. गावाचे एकमेव किराणा दुकान, वृद्ध डॉक्टर, शाळेच्या बसचा चालक असे विषय पुढे येतात. प्रसंग उभा करून घेण्यास किंवा कोणास विशिष्ट ठिकाणी उभे करण्यास मनाई असते. डिजिटल कॅमेरे आल्यावरही सुमारे ४०० छायाचित्रांची मर्यादा घालण्यात आली आणि घेतलेले छायाचित्र पुसण्यास बंदी करण्यात आली. यंत्राने दिलेली अमर्याद मुभा शिक्षकांनी जाणीवपूर्वक काढून घेतली, कारण निवड करण्याची सवय लावणे हा या शिक्षणाचा हेतू आहे.

शेवटी सर्व छायाचित्रांचे प्रदर्शन त्याच गावात भरते. छायाचित्रात दिसणारी माणसे तेथे येऊन स्वतःला पाहतात. संपादक किंवा परीक्षक यांच्याइतकेच हे प्रेक्षक महत्त्वाचे होत. किराणा दुकानदाराचे जीवन कसे आहे, हे दुकानदाराइतके कोणास ठाऊक असणार? छायाचित्रकाराला त्याच्यासमोर उभे राहून आपल्या चित्राचे उत्तरदायित्व स्वीकारावे लागते. ईडम यांच्या शिक्षणविचाराचे हे सर्वांत मौलिक अंग म्हणावे लागेल. १९७२ मध्ये ते निवृत्त झाले.

३. अँगस मॅकडूगल : पृष्ठावरील अर्थ

ईडम यांच्यानंतर अँगस मॅकडूगल यांनी विभागाची धुरा सांभाळली. 'मिलवॉकी जर्नल' या दैनिकात छायाचित्रकार म्हणून आणि नंतर एका उद्योगसमूहाच्या नियतकालिकाचे संपादक म्हणून काम केलेले मॅकडूगल १९७२ ते १९८२ या काळात मिसुरीत होते. एकच छायाचित्र मोठे वा लहान छापले, त्याची कड कापली, त्याच्या शेजारी दुसरे ठेवले किंवा खालच्या चित्रओळी बदलल्या, तर त्याचा अर्थ बदलतो. म्हणून छायाचित्रकाराला पृष्ठाची मांडणी समजली पाहिजे आणि संपादकाला छायाचित्र वाचता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. व्हीटा जो हॅम्प्टन यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले 'पिक्चर एडिटिंग अँड लेआउट' (१९९०) हे पुस्तक या अध्यापनाचे फलित होय.

मॅकडूगल यांच्या कार्यामुळे छायाचित्र-पत्रकारितेचे शिक्षण दृक्संवाद या व्यापक क्षेत्राशी जोडले गेले. छायाचित्र, अक्षररचना, मोकळी जागा आणि शब्द यांचा एकत्रित परिणाम हा अभ्यासाचा विषय बनला. याच काळात पाठ्यपुस्तकांची गरजही भागू लागली. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाचे अध्यापक केन कोब्रे यांचे छायाचित्र-पत्रकारितेवरील पाठ्यपुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

४. लेस्टर आणि न्यूटन : नीती आणि सिद्धान्त

१९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर गिझाच्या पिरॅमिडांचे छायाचित्र छापले गेले. आडवे चित्र उभ्या मुखपृष्ठात बसावे म्हणून संगणकाच्या साहाय्याने दोन पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवण्यात आले होते. रॉथस्टाइन यांना कवटी हातांनी उचलावी लागली होती. आता पिरॅमिडही कार्यालयात बसून हलवता येऊ लागले. १९९४ मध्ये 'टाइम'ने ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय आरोपीचा चेहरा मुखपृष्ठावर अधिक काळा करून छापला, तेव्हा तांत्रिक फेरफार सामाजिक पूर्वग्रहाला कसा खतपाणी घालतो, हेही स्पष्ट झाले.

या पार्श्वभूमीवर नीतिविचार हा अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आला. न्यू ऑर्लिन्सच्या दैनिकात छायाचित्रकार राहिलेले आणि नंतर कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या फुलर्टन शाखेत अध्यापन करणारे पॉल मार्टिन लेस्टर यांनी १९९१ मध्ये छायाचित्र-पत्रकारितेच्या नीतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९९५ च्या दृक्संवादविषयक ग्रंथात त्यांनी कोणत्याही प्रतिमेचा सहा अंगांनी विचार करण्याची चौकट मांडली : वैयक्तिक, ऐतिहासिक, तांत्रिक, नैतिक, सांस्कृतिक आणि चिकित्सक. या चौकटीमुळे 'चित्र आवडले' किंवा 'आवडले नाही' यापलीकडे जाऊन विद्यार्थ्याला सकारण बोलता येते. ओरेगॉन विद्यापीठाच्या ज्युलिअ‍ॅन न्यूटन यांनी २००१ च्या ग्रंथात दृश्य सत्याचा भार कोणी व कसा वाहावा, हा प्रश्न हाताळला. छायाचित्रकार, चित्रित व्यक्ती, संपादक आणि प्रेक्षक या सर्वांचा वाटा त्यात आहे, हे त्यांचे प्रतिपादन या विद्याशाखेला नवे परिमाण देणारे ठरले.

५. परंपरेच्या मर्यादा

कोणत्याही शैक्षणिक परंपरेचे मूल्यमापन तिच्या गौरवापुरते मर्यादित राहू नये. सत्य पाहण्यास शिकवणाऱ्या या विद्यापीठाची दारे सर्वांना खुली नव्हती. १९३९ मध्ये लुसिल ब्लूफोर्ड या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेला तेथील पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला. परंतु ती प्रत्यक्ष नोंदणीस आल्यावर तिच्या वर्णामुळे तो नाकारण्यात आला. तिने न्यायालयीन लढा दिला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिसुरी विद्यापीठात प्रवेश मिळण्यास १९५० साल उजाडले. ब्लूफोर्ड यांना त्याच विद्यापीठाने १९८९ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे कार्यशाळा प्रथम भरली त्या १९४९ साली कोणाचे डोळे पाहण्यास पात्र मानले जात होते, हा प्रश्न टाळता येत नाही. आठवडाभरासाठी आलेला बाहेरचा मनुष्य गाव कितपत समजून घेऊ शकतो, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे.

६. वर्तमान संदर्भ

२००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी बसरानजीक घेतलेली दोन छायाचित्रे संगणकावर जोडून एक केले. ते उघडकीस येताच त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. दोन्ही मूळ छायाचित्रे खरी होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. २०२३ मध्ये जर्मन कलावंत बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेतील पारितोषिक नाकारले आणि आपली प्रतिमा कृत्रिम बुद्धिमत्तेने निर्माण केल्याचे जाहीर केले. आता हलवण्यासाठी कवटी किंवा जोडण्यासाठी मूळ छायाचित्र असण्याचीही आवश्यकता उरलेली नाही.

अशा काळात प्रतिमेकडे केवळ पाहून तिची सत्यता ठरवणे कठीण झाले आहे. ती कोणी, कोठे, कोणासमक्ष आणि कोणत्या चौकशीनंतर घेतली, हे सांगता येणे हाच तिचा आधार उरतो. स्ट्रायकर यांनी प्रवासापूर्वी करून घेतलेला अभ्यास आणि ईडम यांनी गावापुढे मांडायला लावलेले प्रदर्शन यांचे महत्त्व त्यामुळे वाढलेच आहे.

निष्कर्ष

१. छायाचित्र-पत्रकारितेला विद्यापीठीय विषयाचे स्थान मिळाले ते तिने पत्रकारितेची शिस्त स्वीकारल्यामुळे. तंत्रातील प्रगती त्यास साहाय्यभूत ठरली.

२. या क्षेत्रातील शैक्षणिक नेतृत्वाने विषयाचा अभ्यास, प्रत्यक्ष क्षेत्रकार्य, चित्रसंपादन आणि नीतिविचार अशी क्रमाक्रमाने भर घातली. यांपैकी एक अंग वगळल्यास शिक्षण अपुरे राहते.

३. छायाचित्रांच्या संख्येवरील मर्यादा, पूर्वसंमती आणि स्थानिक प्रदर्शन यांसारख्या साध्या नियमांतून जबाबदारीचे संस्कार करता येतात. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नसल्याने लहान महाविद्यालयांनाही हे नियम अंगीकारता येण्याजोगे आहेत.

४. कोणास पाहण्याचा आणि दाखवण्याचा अधिकार दिला जातो, हा प्रश्न या शिक्षणाचा अविभाज्य भाग असला पाहिजे. ज्या वर्गात तो विचारला जात नाही, तेथे कॅमेरा शिकवला जाईल. पत्रकारिता शिकवली जाणार नाही.