कुत्रा पाळला तर आयुष्य वाढतं का?

माझी मावशी गेली बारा वर्षं आमवातावर गोळ्या घेतेय. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "अगं, पेपरात आलंय, कुत्रा पाळला की आजारी माणसाचं आयुष्य वाढतं. तू त्याच विषयात पीएच.डी. करतेस ना? आणू का एखादं पिल्लू?" मी "बघून सांगते" म्हटलं आणि पुढचे तीन आठवडे तिला टाळलं. तुमच्याही घरी हा प्रश्न निघाला असेल, तर हे वाचा.

गोष्ट सुरू होते 1980 मध्ये. एरिका फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले 92 हृदयरोगी वर्षभर पाहिले. घरात प्राणी असलेल्या 53 जणांपैकी 3 दगावले, नसलेल्या 39 जणांपैकी 11. फरक डोळ्यात भरणारा, पण माणसं फारच थोडी.

मोठा अभ्यास स्वीडनमध्ये झाला. तिथे 2001 पासून प्रत्येक कुत्र्याची नोंद सरकारदरबारी करावीच लागते, आणि दवाखान्यांच्या नोंदी नागरिकाच्या ओळख क्रमांकाला जोडलेल्या असतात. दोन याद्या जुळवल्या की कुणाकडे कुत्रा आहे आणि त्याचं पुढे काय झालं, हे कुणालाही न विचारता कळतं. (आपल्याकडे असा विदा मिळाला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती!) 2019 च्या त्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले सुमारे 1,82,000 लोक होते. त्यांतल्या एकट्या राहणाऱ्यांमध्ये, कुत्रा असलेल्यांचा मृत्यूचा धोका 33 टक्क्यांनी कमी दिसला. जोडीदार किंवा मूल सोबत असलेल्यांमध्ये 15 टक्क्यांनी.

आता इथे जरा थांबा. कुत्रा पाळतं कोण? ज्याला जिना उतरता येतो, ज्याच्या हातात पट्टा धरायची ताकद आहे, ज्याला खर्च झेपतो तो. तब्येत फारच ढासळली की माणूस कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकतो आणि आकडेवारीत 'कुत्रा नसलेल्यां'मध्ये जाऊन बसतो. म्हणजे कुत्र्यामुळे माणूस धडधाकट राहिला, की धडधाकट होता म्हणून कुत्रा राहिला? संशोधक वय, उत्पन्न, इतर आजार यांचा हिशेब वजा करतात, पण जिना चढताना लागणारी धाप कुठल्या सरकारी नोंदीत नसते. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या 424 हृदयरोग्यांच्या 2010 च्या अभ्यासात निकाल चक्क उलटा आला: प्राणी पाळणाऱ्यांचीच अवस्था वाईट, त्यातही मांजरवाल्यांची जास्त. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2013 मध्ये सांगितलं होतं की, केवळ हृदयरोगाचा धोका कमी व्हावा म्हणून प्राणी घरी आणू नका.

मग काहीच नाही का? आहे, पण ते आयुष्याच्या लांबीत मोजून हाती लागत नाही असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गंभीर मानसिक आजार असलेल्या 54 जणांना एकात एक तीन वर्तुळं दिली आणि आजार सांभाळायला कोणाची मदत होते ते त्यात मांडायला सांगितलं. 25 जणांनी त्यात आपला प्राणी मांडला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी अगदी आतल्या वर्तुळात. नातेवाईक, डॉक्टर यांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही आत. दीर्घ आजारात सगळे तुमची काळजी घेतात, तुम्हाला कुणी काही मागत नाही. कुत्रा मागतो. त्याला तुमच्या रिपोर्टशी देणंघेणं नसतं, सकाळी त्याला बाहेर जायचं असतं.

हेच ओझंही होतं. म्हणून शेवटी मावशीला फोन केला तेव्हा आकडे सांगितलेच नाहीत. पिल्लू नको म्हटलं: ते रात्री उठवतं, चावे घेतं, पट्टा ओढतं आणि बोटांच्या सांध्यांची वाट लावतं. शांत, मोठा, लसीकरण झालेला कुत्रा बघ. तुझ्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते, तेव्हा ओरखडे-चाव्यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोल. आणि तू ॲडमिट झालीस तर त्याला कोण सांभाळणार, ते नाव आत्ताच ठरव.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण सकाळी साडेसहाला फिरवावं लागेल ना गं? माझी बोटं तर आठपर्यंत मिटत नाहीत."

संध्याकाळी फिरणारा कुत्रा असतो का, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.