वानलेसांची वाडी

सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. तिथे रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव एका परदेशी डॉक्टरांचे आहे?

डॉ. विल्यम वानलेस मूळचे कॅनडाचे. १८८९ साली ख्रिस्ती मिशनतर्फे ते पत्नी मेरीसह भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. मोतीबिंदूने दृष्टी गेलेली माणसे दुसऱ्याचा हात धरून येत आणि शस्त्रक्रियेनंतर स्वतः वाट पाहत घरी जात. एकटा डॉक्टर किती जणांना पुरणार? म्हणून १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. पुढे कुष्ठरोगी आणि क्षयरोगी यांचीही सोय केली. मध्यंतरी मेरी वारल्या. तरीही त्यांनी मिरज सोडली नाही.

तब्बल ३९ वर्षांच्या सेवेनंतर, १९२८ मध्ये, ते निवृत्त झाले. त्याच वर्षी सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

क्षयरोग्यांसाठी त्यांनी उभारलेल्या आरोग्यधामाच्या परिसराला पडलेले त्यांचे नाव मात्र आजही टिकून आहे. कोणी नुसता पत्ता सांगितला, तरी नकळत त्यांचे आभार मानले जातात.